दुखतेय दाढ, बिघडलंय पोट

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला आणि आधी डोकंच फिरलं. दाढ ठणकली की स्ट्रिप काढायची, ठणका गेला की रूट कॅनल परत पुढच्या महिन्यावर, हे किती दिवस चालवणारेस? आणि यावेळी तर मागचं उरलेलं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलंस, आता जुलाब लागलेत तर ते थांबवायची गोळी घेऊ का म्हणून मलाच विचारतोयस!

नको घेऊस. आधी डॉक्टरांकडे जा आणि दाढेसाठी अँटिबायोटिक खाल्लंय हे न विचारता सांग, कारण पोटाच्या तक्रारीत दाताचं औषध कुणाच्या डोक्यातच येत नाही. होतं काय की अँटिबायोटिक आतड्यातले चांगले बॅक्टेरियाही मारतं आणि मग सी डिफिसिल म्हणून एक वाईट बॅक्टेरिया आहे त्याला रान मोकळं मिळतं, तो विष सोडतो, आतडं सुजतं, दिवसातून तीन-तीन वेळा किंवा त्याहून जास्त पाण्यासारखं होतं, पोटात कळा येतात, ताप येतो. कोर्स संपून काही आठवडे झाले तरी हे सुरू होऊ शकतं. जुलाब दाबले तर हे विष आतच राहायची भीती असते म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने नको, स्टूल टेस्ट लागेल का ते विचार. आणि हो, हात साबणानेच धू, सॅनिटायझरने या सी डिफिसिलचे स्पोअर्स, म्हणजे त्याची कवचातली चिवट बीजं, मरत नाहीत.

क्लिंडामायसिन यात आधीपासूनच बदनाम आहे. काही हार्ट पेशंटना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक देतात ना, त्यासाठी ते आता वापरू नका असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये सांगितलं.

बरं, एवढं करून दाढेला मिळालं काय? औषध रक्तातून जातं, आणि दाताची नस मेली की आत रक्तच पोचत नाही. आजूबाजूची सूज उतरते, तुला वाटतं बरं झालं, पण कीड आणि पू मुळाशी तसाच. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, नुसत्या दातदुखीला अँटिबायोटिक नको, दातावरच इलाज करा, दुखण्यासाठी पेनकिलर. (तीही डॉक्टरांना विचारून, तुझं पोट आधीच बिघडलंय.) ताप आला, सूज गालावर पसरली, तर अँटिबायोटिक लागतंच, तिथे मी नाही म्हणणार नाही. पण तोंड उघडेना, गिळता येईना, जबड्याखाली सूज येऊन श्वास अडकायला लागला तर मला मेसेज टाइप करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

पोट सावरलं की रूट कॅनल नाहीतर दाढ काढणं, काय ते एकदाचं ठरव. उरलेल्या कॅप्सूल ठेवू नकोस, कुणाला देऊही नकोस. आज डॉक्टरकडे जाऊन आलास की कळव, नाहीतर मी वहिनीला फोन करून सगळं सांगणारे.

तुझाच,
बंड्या