केस पेपरवरच्या लाल फुलीने सिस्टर वाचत नाही

प्रति,
संपादक,

महोदय, स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. चाचण्या, औषधे, महाविद्यालयांच्या प्रभातफेऱ्या, सगळे त्यात होते. पण एचआयव्ही असलेला माणूस हर्नियाच्या नाहीतर पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो तेव्हा वॉर्डात त्याची शुश्रूषा कशी होते, याबद्दल एक ओळही दिसली नाही. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे माझी नजर नेमकी तिथेच गेली.

गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका बाईंजवळ खासगी रुग्णालयात सोबतीला राहिले होते. जनरल वॉर्ड. संडासाच्या दाराशेजारच्या शेवटच्या कॉटवर एक पन्नाशीचे गृहस्थ. फाईलच्या कव्हरवर लाल मार्करची ठळक फुली, म्हणजे एचआयव्हीची खूण, बीपीचे यंत्र वेगळे, आणि सलाईन बदलायला येणारी सिस्टर दोन-दोन हातमोजे चढवून. हीच मुलगी शेजारच्या कॉटवर उघड्या हातांनी रक्त काढत होती आणि वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवत होती. दुपारपर्यंत चहा आणणाऱ्या पोरासकट सगळ्या वॉर्डाला ‘शेवटच्या कॉटला काय झालंय’ ते कळले होते. मावशी त्या कॉटखाली फडके फिरवायला तयार नव्हत्या. ते गृहस्थ दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होते.

त्या मुलीचा मला राग आला नाही. ट्रेनिंग संपवून वर्ष झाले असेल-नसेल, कंत्राटी पगार, आणि रात्री एकटीवर दोन-दोन वॉर्ड. फुली दिसली की हातमोजे घालायचे, एवढेच तिला कुणीतरी सांगितलेले. तेच तिच्या जिवावर बेतू शकते. रात्री दोनला अपघाताची केस येते, तिच्या कागदावर कसली फुली असणार? संसर्ग नुकताच झाला असेल तर रिपोर्टही निगेटिव्ह येतो. शिवाय रक्तातून येणारा रोग काही एकच नाही. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन इतकी असते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनच्या आसपास, आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते. म्हणजे ज्याला आपण सर्वात जास्त घाबरतो तो या तिघांत सर्वात कमी चिकटणारा. छोट्या नर्सिंग होममधल्या किती मुलींचे हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पूर्ण झाले आहेत, हे एकदा कुणी विचारावे. ते विचारले जात नाही, मार्कर मात्र प्रत्येक टेबलावर असतो.

रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामाला, प्रत्येक रुग्णाजवळ हातमोजे, सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, आणि ती टाकायला कॉटजवळच न फुटणारा पांढरा डबा, पाऊण भरला की बंद करून पाठवायचा. एवढे पाळले तर कुणाचा रिपोर्ट काय आहे हे हातमोजे घालण्यासाठी कळायची गरजच उरत नाही. बऱ्याच ठिकाणी डबा असतो तो ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात. सिस्टरने वीस पावले उघडी सुई हातात घेऊन चालायचे? मग ती टोपण लावते, आणि तिथेच बोटात शिरते.

सुई टोचल्यावर काय होते तेही सांगते. मुली बोट दाबून रक्त काढतात, स्पिरिट ओततात. दोन्ही चूक. साबण आणि वाहते पाणी, बस. मग पीईपीच्या, म्हणजे टोचल्यानंतर एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या पुढे तर नाहीच, आणि पुढे २८ दिवस. पण तालुक्याच्या गावी रात्रपाळीला ही पहिली गोळी असते कुठे? कपाट बंद, किल्ली घरी गेलेली, ‘सकाळी बघू’. कितीतरी जणी तर टोचल्याचे सांगतच नाहीत. फॉर्म भरा, चार जणांपुढे तपासणी करा, मग स्टाफरूममध्ये कुजबुज. लाल फुलीची भीती फिरून सिस्टरच्याच गळ्यात पडते ती अशी.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करू नये, कुणाची स्थिती उघड करू नये, उपचारात भेदभाव करू नये, हे आता थोडेफार ऐकून माहीत झाले आहे. पण याच कायद्याचे १९ वे कलम सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी यांच्यासाठी आहे, हे आमच्यातल्याच बहुतेकींना ठाऊक नसते. जिथे संसर्गाचा धोका आहे त्या आरोग्य संस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी द्यायचे आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेने तक्रार अधिकारीही नेमायचा आहे. फुली मारणारे व्यवस्थापन अशा रीतीने कायदा दोन्ही बाजूंनी मोडते: रुग्णाचे गुपित फोडते आणि सिस्टरला साधने देत नाही.

आणि फुलीमुळे शुश्रूषाच बिघडते, हे मला सर्वात जास्त खटकते. १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार, सुरू झाली. त्याआधीचे वॉर्ड मी पाहिले आहेत. तोंडभर पांढरे चट्टे आलेले, घास गिळता न येणारे रुग्ण, त्यांना चमच्याने पातळ पेज भरवणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे, एवढेच आमच्या हातात असायचे. आता रोज एक गोळी घेणारी माणसे साठीपर्यंत, त्यापुढेही जगतात. त्यांना मधुमेह होतो, गुडघे दुखतात, मोतीबिंदू होतो, आणि ती साध्या वॉर्डात दाखल होतात. नियमित औषधाने रक्तातल्या विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या व्हायरल लोड चाचणीत विषाणू सापडेनासा झाला की लैंगिक संबंधांतूनही तो पुढे जात नाही.

पण ही गोळी वेळेवर लागते. फुलीचा अनुभव एकदा आलेला रुग्ण पुढच्या वेळी काही सांगतच नाही. लेबल खरवडून गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरतो, किंवा घरीच ठेवून येतो. सिस्टरला पत्ता नाही. ती अँटासिड देते. रुग्णाच्या रोजच्या गोळीतले डोलुटेग्राविर हे एचआयव्हीवरचे औषध, त्याला अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी दिल्या तर तीच गत. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोलुटेग्राविरचा दुसरा डोस बारा तासांनी वाढवावा लागतो. ऑपरेशनआधी ‘तोंडाने काही नको’ लिहिले की त्याची गोळी चुकते. खरे तर डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर ती देता येते, पण विचारायला आधी कळले तर पाहिजे. चांगली सिस्टर हे पडद्याआड, हळू आवाजात विचारते: “घरून कुठल्या गोळ्या आणल्यात, दादा?” एचआयव्हीचे नावही न घेता निम्मे काम होते. स्थिती जिला औषधासाठी माहीत असायला हवी, तिला ती फाईलच्या आतल्या कागदावरून कळू शकते. कव्हर कशाला रंगवायचे?

नर्सिंग कॉलेजांत हे शिकवले जाते, परीक्षेत विचारलेही जाते. वॉर्डात आल्यावर सीनियर जे करते तेच ज्युनियर उचलते. म्हणून माझी पहिली तक्रार अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) आणि रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांकडे आहे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी फेऱ्यांचे फोटो जरा कमी काढा. त्याऐवजी जिल्ह्यातल्या चार-पाच रुग्णालयांत रात्री अकरानंतर जा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा की आत्ता सुई टोचली तर पहिली गोळी कुठे मिळेल, आणि इथला तक्रार अधिकारी कोण. मिळेल ते उत्तर, रुग्णाचे आणि सिस्टरचे नाव न देता, छापा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे; कृपया प्रसिद्ध करू नये.)