गोळ्यांचं विचारता, लाजेचं पण विचारा

मा. संपादक साहेब,

डिप्रेशनवर छापून येतं त्यात समाज काय म्हणतो तेच जास्त असतं, पेशंट स्वतःला काय म्हणतो ते कुठं येत नाही म्हणून लिहायलोय. माझी ट्रीटमेंट चालू आहे, दिवाळीला दोन वर्षं होतील. (डिप्रेशन म्हणलं की लोक दुष्काळावर येतात, माझं रान बागायती आहे साहेब.) परभणी जवळ असून मी नांदेडला जातो, काहून तर परभणीत ओपीडीच्या रांगेत निम्मा तालुका भेटतो. गोळ्या स्ट्रिपमधून काढून बीपीच्या डबीत ठेवतो. मला येडा कोणीच म्हणलेलं नाही, मायला तर माहीतच नाही, ती म्हणते एवढ्या वयात बीपी कसा काय लागला पोराला.

डॉक्टर दर खेपेला पीएचक्यू-९ म्हणजे डिप्रेशन किती ते मोजायचा कागद भरून घेतात, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, असे ९ प्रश्न, २७ पैकी मार्क, जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास. माझे १८ वरून ६ वर आले, डॉक्टर खुश, मी पण. डबी मात्र तीच. उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात पाव्हण्यांसमोर डबी काढायची कशी म्हणून आठ दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत, मग चक्कर काय, डोक्यात करंट मारल्यासारखं काय, हळदीच्या दिवशी आडवाच झालो.

नंतर मोबाईलवर वाचलं की ही आतली लाज मोजायची पण पट्टी आहे, २००३ सालची, अमेरिकेतली. २९ वाक्यं, अजिबात पटत नाही ते पूर्ण पटतं, १ ते ४ मार्क. लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं का, चारचौघांत जायचं टाळता का, असल्या गोष्टी. १० वाक्यांची छोटी पण निघालीय. डिप्रेशनसाठी वेगळी १६ वाक्यांची ऑस्ट्रेलियातली आहे, त्यात दवाखान्यात जायचीच लाज वाटते का हे पण येतं. मला हे कोणी विचारलं असतं तर डबीचं तेव्हाच सांगितलं असतं.

तर सरकारी ओपीडीत नऊ प्रश्नांसोबत ही दहा वाक्यं पण घ्या. फक्त भाषांतर पुस्तकी नको, 'सोयरीक जुळवताना हे लपवावं लागंल असं वाटतं का' असं विचारलं तर आमच्याकडं म्हातारं माणूस पण उत्तर देईल. आणि कागद आत, दार लावून द्या. रांगेत मागचा खांद्यावरून वाचायला लागला तर मी सगळीकडं 'अजिबात पटत नाही' वरच टिक करणार.

नाव छापू नका.

एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी