आधी चरण, मग मुख

कोल्हापूर,
कोजागरीनंतरचा गुरुवार

प्रिय बंडू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ध्यानाला बसलं की माकडहाडापाशी ऊब येते, पाठीतून मुंग्या चढतात, मान आपोआप डोलते, आणि पंधरा दिवस रात्री धड झोप नाही. शिबिरात म्हणे सांगितलं, कुंडलिनी, म्हणजे पाठीच्या मुळाशी निजलेली आणि जागी झाली की मस्तकाकडे चढणारी शक्ती, जागी झाली, आता थांबायचं नाही. भावा, मी म्हणतो थांब. निदान श्वास कोंडणं तरी उद्यापासून बंद कर.

सत्तावीस-अठ्ठावीसचा असताना मीही भस्त्रिकेचा, भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायच्या प्राणायामाचा, ध्यास घेतला होता, तुला ठाऊक नाही. पहाटे चारला उठून शे-शे आवर्तनं, मग दम तुटेपर्यंत कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणं. महिन्याभरात छातीत धडधड, कानात घुंईऽ, डोळ्याला डोळा नाही. एका रात्री रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो, तर पाण्यातले दिवे थरथरतायत की मीच, ते कळेना. मला शिकवणारे आजोबा तालमीतले. अनुभव काय आला हे त्यांनी विचारलंच नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. दूध-भाकरी काला करून पुढ्यात ठेवली. दोन महिने प्राणायाम बंद, रोज सकाळी पंचगंगा घाटापर्यंत चालत जायचं, बस्स. त्या चालण्यानं मी माणसात आलो.

म्हणजे कुंडलिनी खोटी असं मी म्हणतोय असं समजू नकोस. माझी श्रद्धा तसूभरही कमी नाही. 1290 साली माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती उभी केली आहे, कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी, साडेतीन वेढ्यांची, खाली तोंड करून. ती जागी होते तेव्हा भुकेली असते, देहातले रक्त-मांसासारखे धातू खात सुटते, आणि मग वरून अमृत झरून सगळं अंग नवं होतं. वाचताना आजही काटा येतो. पण त्या ओव्यांच्या आधी काय आहे ते बघ. आधी जागा, अशी की विलासी माणसालाही राज्य सोडून तिथंच बसावंसं वाटावं. मग दर्भ, त्यावर घडी केलेलं वस्त्र, त्यावर मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं. मग मूळबंध, जालंधर, उड्डियान, म्हणजे गुदस्थान, कंठ आणि पोट आवळून धरायचे तीन बंध. एवढं झाल्यावर ती हलते. आणि गीतेत त्याच अध्यायात बेतानं खाणं, बेतानं झोपणं सांगितलंय. झोप उडवून योग साधतो असं कुठंच नाही. हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ तर स्पष्ट बजावतो: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच प्राण, नाहीतर तो साधकालाच मारतो.

आपली अंबाबाईच बघ ना. देवीमाहात्म्याच्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या मस्तकावर नाग सांगितलाय. मला तो नेहमी वर पोचलेल्या त्या शक्तीसारखाच वाटतो, हे माझं आपलं वाटणं. आणि किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप, मग उंबरा, मग चरण. पहिल्या दिवशी चरणांपाशीच थांबतं, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, वाटेत उंच बांधकाम आलं, की अडतं. तेव्हा गर्दीतलं कुणी ते ओढून वर नेऊ शकत नाही. सगळे हात जोडून उभे असतात.

आणखी एक, डॉक्टरांना दाखव. धडधड असेल तर टाळू नकोस, त्यात साधनेचा अपमान नाही. वहिनींपासूनही लपवू नकोस, त्यांना तुझी झोप तुझ्याआधी कळली असेल.

9 नोव्हेंबरला किरणोत्सव सुरू होतोय. 8 ला रात्रीच ये, तीन दिवस राहा. पहाटे घाटावर जाऊ, आजोबांनी मला चालवलं तसं मी तुला चालवेन. आई तुझ्यासाठी भाकरी टाकेल. कुठल्या गाडीनं येतोस ते कळव, मी स्टँडवर येतो.

तुझाच,
दादू