खाडा पडतो म्हणून दुखणे अंगावर काढले जाते

संपादक महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे विमा कवच दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा आणि ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत मोफत उपचार देण्याचा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र उपचार मोफत झाले म्हणजे ते गरिबाच्या हाती आले, असे जे त्यानंतर गृहीत धरले जाते, ते निदान आमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या बाबतीत खरे नाही. गळीत हंगामासाठी टोळ्या पुन्हा बाहेर पडतील, त्याआधी याकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

२०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. खासगी डॉक्टरांच्या लोभावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यही होते. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असा आदेशही निघाला. पण बाई त्या डॉक्टरच्या दारात मुळात का पोहोचते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

ऊसतोडीत मजूर मोजला जात नाही, ‘कोयता’ मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतो तो नवरा, हिशेब होतो तो त्याच्याशी, आणि पहाटेपासून फडात वाकून ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई कोणत्याच कागदावर नसते. ती आजारी पडली की एक मजूर कमी होत नाही, अख्खा कोयता थांबतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर ‘खाडा’ म्हणून मुकादम पाचशे रुपयांच्या आसपास कापून घेतो. त्यामुळे आरोग्य केंद्रात केसपेपर आणि गोळ्या फुकट असल्या, तरी तिथे जाण्याची किंमत त्या जोडप्याच्या दिवसभराच्या कमाईहून जास्त पडते. इतकी महाग तपासणी पगारदार माणूसही टाळील.

मी बरीच वर्षे उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींवरची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात रंगीत पाकिटांतून विनामूल्य मिळतात आणि वेळेत घेतली तर बहुतेक जंतुसंसर्ग त्यांनी बरे होतात. परंतु तळावरच्या कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या झोपडीजवळ, ना न्हाणीचा आडोसा, ना शौचालय, ना पुरेसे पाणी. मासिक पाळीतही सुट्टी नाही. आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत बाई फडात. मग तीन-चार हंगाम दुखणे अंगावर काढून ती गावी परतते, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ असे सांगतो. शस्त्रक्रियेसाठी पैसे मुकादमाकडूनच, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून, घेतले जातात. पाळीची कटकट आणि तिच्यापायी पडणारा खाडा दोन्ही संपतील, हा हिशेब घरातल्यांनाही पटतो. नंतर कंबर धरते, हाडे दुखू लागतात, पण उचल फेडायची असल्याने फड सुटत नाही. आमच्या मोठ्या विमा योजनेचीही गंमत अशी, की ती रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांना पैसे देते, फडातून उठून डॉक्टरकडे जाण्याला नाही.

दुसरी अडचण मोजणीची आहे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला उपकेंद्र आणि तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष राहत्या लोकसंख्येवर बसवलेला. हंगामात ही माणसे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. तिथल्या आशाताईंच्या यादीत ती नसतात आणि इथल्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. गरोदर बाईची तपासणी आणि लेकराची लस या दोन वह्यांच्या मधे राहून जाते. तो शेरा मीही अनेकदा लिहिला आहे. दुसरा रकानाच नव्हता.

कारखाने मजूर आपले नाहीत, तोडणी ठेकेदाराचे आहेत, असे सांगून हात झटकतात. तरीही लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन दहा रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यावी, हे ठरलेले आहे. त्या निधीतून वसतिगृहे उभी राहत आहेत, ती राहावीतच. पण माझी मागणी साधी आहे. ऊसतोड महिलेची नोंद नवऱ्याच्या कोयत्यात न करता स्वतंत्र मजूर म्हणून व्हावी, आणि शासकीय डॉक्टरची चिठ्ठी असलेल्या दिवसाचा खाडा कापण्यास मनाई करून त्या दिवसाची मजुरी महामंडळाने थेट तिच्या बँक खात्यात भरावी. जोडीला, कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यानंतर, बायका कोपीवर परतल्यावर, महिला डॉक्टरसह आरोग्य पथक जावे. सकाळी दहाला गेलेल्या पथकाला तिथे फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड