दोष एकट्या क्वार्टरबॅकचा कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली बरीच वर्षं ऑस्टिनजवळ राहतो आणि मराठी पेपर रोज ऑनलाइन वाचतो. अमेरिकन फुटबॉल आपल्या क्रीडा पानावर फारसा येत नाही, आणि ते समजू शकतो. पण 2025 च्या सीझनला टेक्सास युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक (म्हणजे पास टाकणारा, टीमचा खेळ चालवणारा खेळाडू) आर्च मॅनिंग याचं नाव आलं, इकडच्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर तर महिनोन्महिने आलं, आणि सगळीकडे सूर एकच, की आजोबा-काकांच्या नावावर आलेला पोरगा, हवा भरपूर आणि खेळ शून्य. नियमित सीझन संपला, टेक्सासची टीम 9 जिंकून 3 हरली, विजेतेपद ठरवणाऱ्या प्लेऑफच्या बारा टीममध्ये जागा मिळाली नाही, आणि आता परत तेच सुरू झालंय. म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्चचे आजोबा आर्ची मॅनिंग, काका पेटन आणि ईलाय, तिघेही एनएफएल या व्यावसायिक लीगचे क्वार्टरबॅक, दोन काकांनी मिळून चार सुपर बोल, म्हणजे त्या लीगच्या फायनल, जिंकलेल्या. वडील कूपर यांना मणक्याच्या आजारामुळे अठराव्या वर्षीच खेळ सोडावा लागला. असल्या घरातला मुलगा टेक्सास युनिव्हर्सिटीत आला, दोन वर्षं आधीचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्सच्या मागे बेंचवर बसला, आणि 2025 मध्ये टीम त्याच्या हातात आली तेव्हा त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच होत्या फक्त दोन. तरी सीझनच्या आधीच टेक्सासला एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरची टॉप 25 कॉलेज टीमची यादी) पहिला नंबर दिला गेला, टेक्साससाठी हे पहिल्यांदाच घडलं, आणि हाइझमन ट्रॉफीचा (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) दावेदार म्हणून पहिलं नाव याचंच. आडनावाचं ओझं काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. रोहन गावसकर भारताकडून 11 वनडे खेळला तरी लोकांना कायम वडीलच आठवत राहिले, आणि अर्जुन तेंडुलकरने 2022 ला गोव्याकडून रणजी पदार्पणातच सेंच्युरी मारली तेव्हाही पहिली तुलना वडिलांच्या पदार्पणाशीच झाली.

आता मूळ मुद्दा. पहिलीच मॅच ओहायो स्टेटच्या मैदानावर, 14-7 ने हरले, आर्चचे 30 पैकी 17 पास पूर्ण. मग 13 सप्टेंबरला घरच्या मैदानावर यूटेपसारख्या छोट्या टीमविरुद्ध 25 पैकी फक्त 11, त्यात सलग दहा पास चुकले. ती मॅच टेक्सास 27-10 ने जिंकली बरं का, तरी स्टेडियममध्ये लोक बू करत होते. आम्ही सगळे गेलो होतो, माझी मुलगी तिथेच शिकते, ती विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये होती. ती सांगत होती की तिच्या आजूबाजूची मुलं, म्हणजे त्याच्याच कॉलेजची, त्याच्याच वयाची, अंगात तोच भगव्याकडे झुकणारा ऑरेंज टी-शर्ट, तोंडाला हात लावून बू करत होती. मला ते फार लागलं. एकवीस वर्षांचा मुलगा आहे हो तो!

तो त्या दिवशी वाईट खेळला, हे मी नाकारत नाही. पाय नीट न रोवता, हात बाजूने फिरवून बॉल टाकत होता, मोकळे उभे असलेले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, चुकवत होता, कधी कधी बॉल हातात नको इतका वेळ धरून ठेवत होता. पण ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणारी बाजू, अकरा जणांची असते, आणि क्वार्टरबॅकला पास टाकायला वेळ मिळतो तो त्याच्या पुढे उभं राहून विरोधकांना अडवणाऱ्या पाच लाइनमनमुळे. तीन सेकंद मिळाले तर मैदान दिसतं, दीड सेकंदात अंगावर माणूस आला तर पेटन मॅनिंगलासुद्धा काही दिसणार नाही. 2024 च्या त्या पाच जणांपैकी चार जण गेले, केल्विन बँक्स तर एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्याच राउंडला न्यू ऑर्लिन्सच्या टीमने उचलला. उरला एकटा डीजे कॅम्पबेल. रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन गेला एनएफएलच्या ग्रीन बे टीमला, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) गनर हेल्मही गेला. म्हणजे क्वार्टरबॅक नवा, लाइन नवी, रिसीव्हर नवे, वर रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, दुखापतींनी बेजार, आणि बिल फाडायचं एकाच्याच नावावर?

बू करणाऱ्यांपैकी किती जणांनी हे नीट बघितलं मला माहीत नाही, पण गंमत अशी होते की दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात, त्यात पहिल्या डाउनला बॉल घेऊन पळायचं ठरवलं आणि लाइन ढकलली गेल्यामुळे एकच यार्ड मिळालं, दुसऱ्याला पेनल्टी लागून पाच यार्ड मागे गेले आणि तो परत खेळून एक-दोनच यार्ड मिळाले, की तिसऱ्या डाउनला बारा-तेरा यार्ड बाकी राहतात. मग समोरच्या डिफेन्सला ठाऊक असतं की आता पासच येणार, ते सरळ क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. फ्लोरिडाच्या मॅचमध्ये हेच झालं, 29-21 ने हरले, आर्चला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडलं, आणि त्या दिवशी टीममध्ये सगळ्यात जास्त यार्ड पळाला कोण तर तोच, 37 यार्ड! क्वार्टरबॅकच सगळ्यात जास्त पळतोय आणि तेही फक्त 37, म्हणजे बाकीच्यांचं काय चाललं होतं हे सांगायलाच नको. त्या हारीनंतर, सीझनच्या आधी पहिल्या नंबरवर असलेली टीम टॉप 25 मधूनच बाहेर.

आणि पुढच्याच आठवड्यात, 11 ऑक्टोबरला डॅलसला ओक्लाहोमाविरुद्ध, रनिंग बॅक विझनर 94 यार्ड पळाला, विरोधी टीमला पळणाऱ्याकडेही लक्ष द्यावं लागलं, आणि याच आर्चने 27 पैकी 21 पास पूर्ण केले, टेक्सास 23-6 ने जिंकली. माणूस आठवड्यात बदलला का? मग केंटकीला लाइन परत ढेपाळली, 27 पैकी 12, मॅच कशीबशी ओव्हरटाइममध्ये काढली. मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये 38-21 ने मागे होते, तिथून वर आणून ओव्हरटाइममध्ये डोक्याला मार लागून बाहेर गेला, आणि आठवड्यानं वँडरबिल्टविरुद्ध परत उभा, पहिल्याच प्लेला 75 यार्डांचा टचडाउन पास, म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेषेपलीकडे, सहा पॉइंट. जॉर्जियाकडून 35-10 असा मार खाल्ला हेही खरं. पण आर्कान्सासविरुद्ध पासवर 389 यार्ड, आणि 28 नोव्हेंबरला सगळ्या मॅच जिंकत आलेल्या टेक्सास ए अँड एमला 27-17 ने हरवताना चौथ्या क्वार्टरमध्ये स्वतः 35 यार्ड पळून टचडाउन केला.

प्ले, म्हणजे प्रत्येक वेळी कोणती चाल खेळायची ते, ठरवत होते कोच सार्किसियन स्वतः. नव्या लाइनला झेपतील असे झटपट, छोटे पास सप्टेंबरपासूनच जास्त का दिले नाहीत, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. लोक म्हणतात, कॉलेजचे खेळाडू आता पैसे घेतात, म्हणून टीका सहन करायची. टीका करा ना, पण निदान त्याची चूक कुठली आणि लाइनची कुठली हे बघून करा. ओहायो स्टेटनंतर त्याने दोष स्वतःवर घेतला, लाइनच्या पोरांकडे बोट दाखवलं नाही, त्याचं तरी कुणी कौतुक केलं का?

ओहायो स्टेटची ऑस्टिनमधली मॅच सप्टेंबर 2026 ला ठरलेली. तेव्हा आपल्या क्रीडा पानावर चार ओळी छापल्यात तर आर्चच्या पासच्या आकड्यांबरोबर किती सॅक झाले आणि रनिंग बॅक किती यार्ड पळाले हेही छापा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
राउंड रॉक, टेक्सास