कावी-कंबोईच्या सहलीत भरतीची चुकीची वेळ सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, एकदिवसीय सहली,
वडोदरा.

विषय: कावी-कंबोई समुद्रसहल, मुलांच्या जिवाशी झालेली हयगय आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या बसने आम्ही घरचे सहा जण कावी-कंबोईला गेलो. पुण्याहून आलेल्या नणंदेच्या मुलांनी शनिवारी रात्री समुद्राचा हट्ट धरला आणि ‘रात्री बुक करा, सकाळी समुद्रावर’ ही आपली जाहिरात पाहून माणशी १,४५० रुपये लगेच भरले. पावती आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

बस वेळेवर सुटली. पादरा, जंबुसरमार्गे ड्रायव्हरकाकांनी गाडी सांभाळून नेली आणि कावीची सासू-सुनेची देरासरं (जैन मंदिरं) सासूबाईंना निवांत बघू दिली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या दोन तासांबद्दल.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्तंभेश्वर महादेवाचं दर्शन, भरतीत मंदिर बुडताना पाहणं, मग समुद्रात डुंबणं, दोन वाजता परत’ असं छापलं आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी पार लांब गेलेलं होतं आणि समोर नुसता चिखल. आपल्या सहल-प्रमुखांनी सांगितलं, साडेबाराला पूर्ण भरती आहे. साडेबारा वाजले तरी मंदिर कोरडंच. तेव्हा ते म्हणाले, “आज पाणी कमी आहे, आता उतरायला लागेल, मुलांना खुशाल पुढे जाऊ द्या.”

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला साडेबाराची भरती ही मुंबई-कोकणची वेळ, म्हणून मी त्यांना विचारलं की ही वेळ कुठून घेतलीत. त्यांनी फोन दाखवला. त्यावर मुंबईचाच तक्ता होता. कंबोई आहे खंभातच्या आखातात, आणि तिथे आत शिरायला भरतीला आणखी काही तास लागतात. म्हणजे ते ज्याला उतरतं पाणी म्हणत होते, ते चढतं पाणी होतं, आणि तेही अमावास्येच्या उधाणाचं. मी हे बोलेपर्यंत मुलं बरीच पुढे गेली होती.

नणंदेच्या धाकट्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ओढला की दुसरा रुतायचा. काठावरचा एक गावकरी ओरडला, “पाछा वळो, पाणी आवे छे!” आणि स्वतः चिखलात उतरून त्याने मुलाला काखेत धरून बाहेर काढलं. थोड्याच वेळात ती जागा पाण्याखाली होती. त्या वेळी आपले सहल-प्रमुख बसजवळ नाश्त्याची पाकिटं मोजत होते. त्या भल्या माणसाचं नाव विचारायचंही मला भान राहिलं नाही, पण हे पत्र लिहिताना अजून हात कापतो.

नंतरचा भागही ऐका. पाणी मंदिराकडे चढू लागलं आणि आपल्या माणसाने दोनची शिट्टी मारली. शिवलिंगावर समुद्राचा अभिषेक होताना पाहावा, एवढ्यासाठी सासूबाई गुडघे दुखत असूनही आल्या होत्या. सगळ्यांनी विनवलं, पण “शेड्यूल आहे” एवढंच उत्तर मिळालं. ज्यासाठी लोक तिथे जातात, नेमकं तेच सोडून बस निघाली.

सोमवारी आपल्या हेल्पलाइनवर मला सांगितलं गेलं की समुद्र निसर्गाच्या हाती आहे आणि आधीच्या रविवारी हीच सहल छान झाली होती. झालीच असणार. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, सात दिवसांत जवळजवळ सहा तास. एका रविवारी ज्या वेळी भरती, पुढच्या रविवारी त्याच वेळी ओहोटी. म्हणजे घड्याळाला बांधलेली ही पत्रिका एक आड एक रविवारी चुकणारच. आणि भरतीची वेळ ही अचानक कळणारी गोष्ट नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी आगाऊ तक्ते छापतो. मंदिराजवळही तिथीनुसार वेळा मिळतात. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेल्यामुळे भावनगरच्या बाजूला उधाणात पाण्याची चढउतार १० मीटरच्या घरात जाते. अशा ठिकाणी वेळ न बघता मुलं उतरवणं याला निसर्ग म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

जाहिरातीतल्या फोटोत पिवळी वाळू आणि माड आहेत. कंबोईला तसं काही नाही. मही, नर्मदा, साबरमतीचा गाळ तिथे साचतो. ते तीर्थक्षेत्र आहे, दर्शनाला जावं, भरती लांबून पाहावी. डुंबायचं असेल तर वलसाडजवळचा तिथल गावचा किनारा किंवा नवसारीजवळचं दांडी सांगा, अंतर जास्त पडेल हेही सांगा. आम्ही पहाटे निघालो असतो.

माझी मागणी अशी. सहाही जणांचे पूर्ण पैसे ज्या खात्यातून आले त्यातच परत करावेत. कंबोईच्या सहलीची वेळ दर रविवारी तिथल्या भरतीप्रमाणे बदलावी आणि ती बुकिंगच्या वेळीच लेखी द्यावी. ‘समुद्रात डुंबणं’ हे शब्द आणि तो फोटो लगेच काढावा. पैशांना चार दिवस उशीर झाला तरी मी थांबेन, पण येत्या रविवारी याच पत्रिकेवर बस सुटता कामा नये. त्या बसमध्येही कुणाची तरी मुलं असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पत्रिका, पावती आणि चिखलातल्या मुलाचा नणंदेने काढलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे.

आपली,
एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: पावती, जाहिरात व कार्यक्रमपत्रिकेची प्रत