कोर्टाडो म्हणजे छोटा कापुचिनो नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलिबागपासून मालवण-तारकर्लीपर्यंत किनाऱ्यावरच्या कॅफेंच्या मेन्यूकार्डावर हल्ली कोर्टाडो दिसू लागला आहे. आनंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्या नावाखाली समोर येतो तो मगभर फेसाळ, कढत दुधाचा प्रकार. कॉफी त्यात नावापुरती.

कोर्टाडो मूळचा स्पेनचा. एस्प्रेसो (दाबाखालच्या गरम पाण्याने काढलेली दाट कॉफी) आणि गरम दूध जवळपास समसमान, फेस जेमतेम, ग्लास १२० ते १५० मिलिलिटरचा, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाहून थोडा मोठा. १८ ग्रॅम कॉफी बारीक दळून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो काढावा आणि त्यावर ४० ते ६० ग्रॅम दूध घालावे. हे काट्यावरच मोजा. वरच्या क्रेमामुळे (एस्प्रेसोवरच्या तपकिरी फेसामुळे) मिलिलिटरचा अंदाज हमखास चुकतो. एवढ्याशा दुधात कॉफीचा दोष लपत नाही. शॉट, म्हणजे एका वेळचा एस्प्रेसो, १५ सेकंदांत धावला तर आंबट आणि पाणचट, ४५ सेकंद रेंगाळला तर कडूजहर. साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नावे ठेवण्याआधी तो शॉट स्वतः चाखून बघावा.

खरा घोळ होतो दुधात. चहासाठी दिवसभर मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यातले दूध इथे चालत नाही. त्याला शिजल्याचा वास आलेला असतो, ते नीट फुलत नाही आणि सायीचे कण वाफेच्या नळीच्या भोकांत अडकतात. फ्रिजमधले थंड पाश्चराइज्ड दूध घ्या. नळीतले साचलेले पाणी आधी बाहेर सोडा, हवा एक-दोन सेकंदच ओढू द्या, मग दूध नुसते फिरवत ५५ ते ६० अंशांवर थांबा. याच तापमानाला दूध सर्वांत गोड लागते. ७० च्या पुढे प्रथिने बिघडून उतू गेलेल्या दुधाचा वास येतो. शिवाय या ग्लासाला कान नसतो, तो हातात धरवला पाहिजे. दूध तापवायच्या मोठ्या जगमध्ये (भांड्यात) ६० ग्रॅम दूध तापवायला गेलात तर नळीचे टोक बुडतच नाही. लहान जग घ्या आणि दोन ग्लासांचे दूध एकदम तापवा. म्हशीचे दूध वर्ज्य नाही, मात्र त्यातली चरबी कॉफीवर बसते, म्हणून ते ४० ग्रॅमच्या वर नको. (गूळ घातलेला ‘कोकणी कोर्टाडो’ही खुशाल विका, पण गुळाने दूध फाटले तर यंत्राला दोष देऊ नका.)

पावसाळ्यात दमट हवेने दळलेली कॉफी बघता बघता ओलावते, गुठळ्या होतात आणि पाणी जिथे वाट मिळेल तिथूनच पळते. हॉपर (दळणयंत्रावरचे कॉफीच्या बियांचे भांडे) उघडा ठेवू नये, ऑर्डर आल्यावरच दळावे. सकाळी लावलेली दळण्याची सेटिंग दुपारी पुन्हा तपासावी. वीज येऊन-जाऊन असेल तर यंत्र पुरते तापेपर्यंत अर्धा तास थांबावे. दिवा हिरवा झाला तरी पोर्टाफिल्टर (दळलेली कॉफी भरायची दांड्याची गाळणी) गारच असतो.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, कारण त्यात यंत्रच जाते. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. साध्या फिल्टरने मीठ निघत नाही आणि मिठातले क्लोराइड बॉयलरचे स्टील खाते. पुष्कळ जण पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर १५० आकडा बघून निर्धास्त होतात. आकडा योग्यच, पण ते क्षार कॅल्शियमचे की मिठाचे, हे मीटर सांगत नाही. तेव्हा आरओ हवाच. मात्र निव्वळ आरओच्या पाण्याने कॉफी बेचव होते, आणि काही यंत्रांत बॉयलरमधली पातळी मोजणाऱ्या कांडीला पाणी असल्याचे कळतच नाही, त्यामुळे बॉयलर भरतच राहतो. त्यासाठी आरओनंतर खनिजे परत घालणारे कार्ट्रिज बसवावे.

आपला,
एक कॉफी व्यावसायिक, रत्नागिरी